त्या यूजरचं नाव काय?

आमच्या सरांसमोर 'यूजर' हा शब्द काढायची सोय नव्हती. अख्खं कॉलेज दिवसभर यूजर यूजर करायचं, पण यांच्या केबिनमध्ये चुकून कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला, की सर हातातला चहा खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "नाव काय तिचं?"

"कुणाचं, सर?"

"तुह्या यूजरचं. नाव असन ना काही? राहते कुठं? घरी पाणी कोण भरते?"

पोरं गडबडून जायची. एकानं एकदा घाईघाईत 'सुनीता' असं ठोकून दिलं, तर सरांनी त्याला दुसऱ्या दिवशी सुनीताला घेऊन यायला सांगितलं. तो बिचारा खरंच शोधायला निघाला. मागून आम्ही सरांना 'नाव काय सर' म्हणायचो आणि त्यांना ते माहीत होतं.

रायपूरच्या बाहेर, जिथं शहर संपून शेतं लागतात, तिथं आमचं इंजिनियरिंग कॉलेज होतं. सर तिथं मोबाइल ॲप कसं बनवायचं ते शिकवायचे. वडील रेल्वेत होते, मूळचे गोंदियाकडचे. सरांचा जन्म इथल्या रेल्वे क्वार्टरमधला. माझी आई नागपूरची हे कळल्यापासून माझ्याशी ते आपल्या मराठीत बोलत, बाकीच्यांशी हिंदीत. रागावले की मात्र सगळ्यांशीच मराठीत, मग समोरचा बस्तरचा असो नाहीतर बिहारचा.

ॲप शिकवणाऱ्या या माणसाकडे फोन कोणता, तर बटणांचा. मागचं झाकण निघून येऊ नये म्हणून त्याला रबरबँड लावलेला. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "मी ट्रक चालवाले शिकवला, तर ट्रक काय घरी नेऊन ठेवू?" आणि केबिनमध्ये कूलरच्या बाजूला पाण्यानं भरलेली एक बादली कायम ठेवलेली असे. कुणी ॲप दाखवायला आलं की सर बादलीकडे बोट करत. "आधी हात ओले कर. मंग चालवून दाखव." ओल्या बोटांनी स्क्रीन हलत नाही, भलतंच काहीतरी उघडतं, पोरं शर्टाला हात पुसायला जातात, तर सर म्हणत, "पुसू नको. बाई भांडी घासता घासता फोन पाहते. ती हात कुठं पुसणार?"

मला सरांची भीती कधी वाटली नाही. नवल वाटायचं. अजूनही वाटतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही तिघं होतो. मी, समता कॉलनीत राहणारी पल्लवी, आणि दुर्गहून आलेला विक्की. पल्लवी घरात मराठी ऐकून मोठी झालेली, सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच. मी सोबत असल्यामुळे सर तिघांशीही मराठीतच बोलत, विक्की अंदाजानं समजून घेई. आम्ही सरांकडे जो विषय न्यावा तो ते परत पाठवत. शेवटी विक्कीनं त्याच्या स्वतःच्या गल्लीतली गोष्ट काढली. तो तलावामागच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, खोली घेऊन राहायचा. उन्हाळ्यात तिथले नळ कोरडे पडत आणि टँकर येई. पण कधी येईल याचा पत्ता नाही, त्यामुळे अख्खा पारा अडकून पडे. टँकर कुठवर आला हे फोनवर दिसलं तर? सरांनी नाव विचारलं. विक्कीनं शेजारच्या, समोरच्या, वरच्या मजल्यावरच्या, सगळ्यांची नावं सांगितली. सर खूश झाले. "जमलं," म्हणाले. "आता कोड लिहायचा नाही."

"मग काय करायचं, सर?"

"आधी तुम्ही ॲप व्हा."

आम्हाला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. पण नाही. दुसऱ्या दिवसापासून विक्की पाण्याच्या टाकीजवळ उभा, जिथून टँकर भरून निघे. तो निघाला की विक्कीचा मला फोन. मी स्कूटीवरून पाऱ्यात जाऊन दार दार वाजवायचं: टँकर निघाला. पल्लवीनं बायकांशी बोलायचं. एप्रिलचं ऊन, तोंडाला स्कार्फ, आणि मी एक चालतंबोलतं नोटिफिकेशन. आमच्या बॅचची बाकीची पोरं एसी लॅबमध्ये बसून भराभर स्क्रीन बनवत होती आणि आम्हाला बघून हसत होती.

सरांची एक अट होती. निरोप दिला, की टँकर येईपर्यंत तिथून हलायचं नाही. "फोनमधलं ॲप निरोप देते अन् मोकळं होते. तू मोकळी नको होऊ. तुह्या भरवशावर त्या कामं टाकून आल्या ना? मंग बस त्यांच्यासोबत."

एकदा टँकर वाटेतच पंक्चर झाला. मी दुपारभर त्या बायकांमध्ये बसून राहिले. सूनबाईंच्या तक्रारी ऐकल्या, कुणाचं बाळ धरलं. सुकवारो दाईनं कांद्याबरोबर बासी खायला दिली. आंबलेला गार भात, वर मीठ. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही. संध्याकाळी सर आले. ते पाऱ्यात येताना गल्लीच्या तोंडाशीच स्कूटर बंद करत आणि ढकलत आत आणत. गाडीचा आवाज आला की लोक पाहुण्यासमोर वागतात तसं वागतात, असं त्यांचं म्हणणं. मला म्हणाले, "काय शिकली आज?"

"काही नाही, सर. नुसती बसून होते."

"बसता आलं ना? झालं तर."

आता ही सुकवारो दाई कोण, ते सांगायला हवं. दाई म्हणजे तिकडच्या बोलीत आई. त्या पाऱ्याची एक रीत होती. सकाळी बायका आपापले पाण्याचे गुंड, बादल्या, रंगाचे रिकामे डबे रस्त्याकडेला ओळीनं लावून ठेवत. भांडं लागलं म्हणजे नंबर लागला. बाई कामाला मोकळी. त्या ओळीच्या टोकाला चबुतऱ्यावर दाई काठी घेऊन बसलेली असे. म्हातारी, एकटी, गुडघे गेलेले. भरलेला गुंड काही तिला उचलवत नसे. ती दिवसभर भांड्यांवर नजर ठेवी, गाईबकऱ्या हाकलून लावी, कुणी मध्येच डबा घुसवला तर काठीनं बाहेर काढी. टँकर आला की पहिला पाइप दाईच्या दोन गुंडांत, आणि ज्या बाईचा नंबर पहिला ती ते गुंड दाईच्या दारात पोचवी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कधी चुकत नसे. मी रोज तिच्याशेजारी बसत होते. ती मला 'टेंकर वाली नोनी', म्हणजे टँकरवाली पोरगी, म्हणायची. आमच्या रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं होतं की रांगेमुळे महिलांचा अमूल्य वेळ वाया जातो.

मग एकदाची कोड लिहायची परवानगी मिळाली आणि आम्ही तुटून पडलो. ॲप झकास झालं. टँकरवाल्या भैयाच्या फोनवरून त्याची जागा कळायची, नकाशावर रस्ता दिसायचा आणि त्या रस्त्यावरून विक्कीनं बनवलेला निळा टँकर सरकायचा. त्याच्या मागून थेंब गळायचे. त्या थेंबांसाठी विक्कीनं आठवडा घातला होता. एचओडी मॅडमनी ते थेंब बघून प्राचार्यांना बोलावून आणलं.

पाऱ्यातल्या घराघरांत फोनमध्ये ॲप टाकलं. दोन-तीन दिवसांत रांग गायब. लावायचीच कशाला? टँकर जवळ आला की फोन वाजे आणि लोक बरोब्बर वेळेवर हजर. विक्की व्हिडिओ काढत होता. आम्ही एकमेकींना टाळ्या देत होतो.

सर स्कूटर ढकलत आले. टँकर नुकताच लागला होता. मोटारसायकलींवर जेरीकॅन लटकवून पोरं आली होती, चार पाइपांना चाळीस हात. कुणी भांडत नव्हतं. सगळे घाईत होते एवढंच. सरांनी टँकरकडे पाहिलं नाही, आमच्या फोनकडे तर नाहीच. ते चबुतऱ्याकडे पाहत उभे राहिले. टँकर रिकामा होऊन निघून गेला, लोक पांगले. दाई आपल्या जागेवर होती. पायाशी दोन गुंड, दोन्ही कोरडे.

"दाई, पानी?" सरांनी विचारलं.

"नइ मिलिस," दाई म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात.

"कल?"

"कल घलो नइ."

कालही नाही. सरांनी दोन्ही गुंड उचलले आणि तलावापलीकडच्या हातपंपावर गेले. विक्की धावला, तर त्याला हातानंच थांबवलं. इस्त्रीची पँट, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात, आणि डोक्यावर गुंड नीट धरता येत नाही म्हणून छातीशी कवटाळलेला. पुढून सगळे भिजले होते. दोन खेपांत दोन्ही गुंड दाईच्या घरात ठेवून आले, मग आमच्यासमोर चबुतऱ्याच्या पायरीवर बसले.

"आपल्या आधी इथं एक ॲप होतं," ते म्हणाले. "मस्त चालून राहिलं होतं. नेटवर्क लागत नव्हतं, चार्जिंग लागत नव्हतं. आपण येऊन ते काढून टाकलं."

पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, हमने जानबूझके थोड़ी किया।"

"जानबूझके कोणीच करत नाही, बापा. म्हणून तर पाहावं लागते."

'तुम्ही' नाही, 'आपण' म्हणाले, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. इतकी वर्षं झाली, मी त्या एका शब्दाला मानते. चूक आमची होती. शिकवणाऱ्यानं हात झटकले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं.

त्या दिवसापासून एकच प्रश्न उरला: दाईच्या घरी पाणी कसं जाईल? मार्क, नकाशा, थेंब, सगळं मागे पडलं. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. सर म्हणाले, "सगळ्यांचे फोन बंद. टँकर निघाला हे फक्त एकीलेच समजलं पाहिजे."

"फिर तो सर, नक्शा भी निकालना पड़ेगा," विक्की म्हणाला.

"काढ."

"और वो टैंकर?"

"ते पण."

विक्की दोन दिवस फिरकला नाही. मग आला आणि सगळं काढलं. शेवटी राहिलं ते एवढंच: टँकरवाल्या भैयाच्या फोनवर एक मोठं बटण. टाकीवरून निघताना त्यानं ते दाबायचं, एका नंबरवर घंटी जाणार, दोनदा वाजून बंद. ती घंटी दाईजवळ. दोनदा वाजून थांबली म्हणजे टँकर निघाला; जास्त वाजली तर दुसरं कुणी आहे, वाजू द्यायचं. घंटी झाली की दाई काठीनं रिकाम्या पिंपावर ठोके देणार आणि पारा येणार. म्हणजे रांग पुन्हा लागणार, भांडी राखायला दाई लागणार, आणि बायकांना मात्र दिवसभर कान देऊन बसायला नको.

आता दाईला फोन हवा. दुकानात नवं सिम घ्यायला गेलो, तर मशीन तिचा अंगठा घेईना. आयुष्यभर भांडी आणि माती. बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. हात धुऊन झाले, पदरानं पुसून झाले, सगळी बोटं झाली. दाई ओशाळून उभी. सरांनी खिशातून आपला फोन काढला, रबरबँड नीट बसवला आणि तिच्या हातात ठेवला.

"सर, तुमचा नंबर?" मी म्हटलं.

"मले काय करायचा? मी तर केबिनमध्येच असतो."

आम्हाला वाटलं, दोन दिवसांची सोय असेल. पण सरांनी नंबरच देऊन टाकला होता. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडची अर्धी माणसं मिस्ड कॉल देतात. कुणी सवयीनं दोनदा वाजवून ठेवलं, तर पारा उन्हात येऊन उभा राहील. झालं. सर स्टाफरूममध्ये गेले आणि एकेकाच्या खुर्चीशी उभे राहून म्हणाले, माझा नंबर काढा. आत्ता काढा, मी पाहतो. एचओडी मॅडम, कँटीनवाला, शिपाई, कुणी सुटलं नाही. गोंदियाच्या बहिणीला ऑफिसच्या फोनवरून सांगितलं. ती बिचारी घाबरून विचारत होती, दादा, काही झालं काय? आम्हा तिघांनाही त्यांनी समोर उभं करून नंबर काढायला लावला. "खोटी घंटी वाजली नाही पाहिजे," म्हणाले. "एकदा वाजली, की खरीवर भरवसा राहत नाही."

आठवड्याभरात पाऱ्याची रांग परत लागली. पहिला पाइप दाईच्या गुंडात गेला. सर ते बघायला आले नाहीत. त्यांचा त्या वेळी तास होता.

व्हायव्हाला बाहेरचे परीक्षक आले. मॅडमनी त्यांना थेंबांबद्दल आधीच सांगून ठेवलेलं. आम्ही फोन पुढे केला. पांढरा स्क्रीन, मधोमध एक बटण: 'निकल गया'.

"ठीक है," परीक्षक म्हणाले. "और क्या है इसमें?"

मागून सर म्हणाले, "और कुछ नहीं है।"

एखाद्यानं आपल्या मुलीचं पहिलं बक्षीस सांगावं तसं सांगितलं त्यांनी ते. मग बादली पुढे सरकवली. "हाथ गीला करके दबाइए।" परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं, मग बाही वर केली, हात बुडवला, बटण दाबलं. लागलं. पहिल्याच वेळी. ते आपल्या ओल्या बोटाकडे पाहत राहिले. दुसऱ्याच क्षणी सरांनी झडप घालून घंटी बंद केली, एकही वाजू दिली नाही. पाऱ्यात त्या वेळी टँकर नव्हता ना.

आम्ही पास झालो. त्याहून फार काही मिळालं नाही. पुढच्या वर्षी फायनल इयरची प्रोजेक्टं सरांकडून काढून घेतली. त्यांच्या टीमचं दाखवण्यासारखं काही होत नाही, असं म्हणे. नंतर केव्हातरी ते कॉलेज सोडून गोंदियाकडे, आईजवळ गेले. निरोप नाही, समारंभ नाही, आणि नंबर तर कुणाकडेच नव्हता.

मी आता रायपूरजवळच वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका ऑफिसात ॲपच बनवते. या उन्हाळ्यात मीटिंगमध्ये कुणीतरी यूजर यूजर करत होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाम क्या है उसका?" सगळे हसले. मला सरांची इतकी आठवण आली की बोलायची सोय नाही. त्याच शनिवारी मी नवा फोन घेतला. जुन्या कुठल्यातरी बॅकअपमधून सगळे नंबर परत आले, आणि त्यांत एक होता: सर.

दुपारची वेळ. मी काही विचार केला नाही, लावला. वाजला. आणि एवढ्या वर्षांनी बोलायचं काय, याची धास्ती वाटली. दोनदा वाजला आणि मी बंद केला.

मग काय केलं ते कळलं. मी चपला घातल्या आणि स्कूटी काढली.

गल्लीच्या तोंडाशी हातानं आपोआप गाडी बंद केली. ढकलत आत गेले. रस्त्याकडेला भांड्यांची ओळ लागलेली, बायका कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभ्या. चबुतऱ्यावर दाई. आणखी बारीक झालेली. मांडीवर फोन, त्याला रबरबँड.

"दाई, घंटी मैंने दी," मी म्हटलं. "गलती से। टैंकर नहीं निकला है।"

तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "टेंकर वाली नोनी?"

"हव, दाई."

एक बाई कुरकुरली, "दीदी, धूप में खड़ा कर दिया।" पण गेली कुणी नाही. मी विचारलं, फोन अजून चालू कसा? सिम तर केव्हाच बंद पडायला हवं होतं. तीच बाई म्हणाली, "रिचार्ज तो सर डलवाते हैं। जाते बखत बोल के गए थे, तुम लोग चिंता मत करना। मैसेज आ जाता है हर बार।"

"और सर फोन करते हैं कभी?"

उत्तर दाईनं दिलं. माझ्या प्रश्नाचं तिला हसू आलं असावं. "फोन काबर करही? घंटी हो जाही न."

फोन कशाला करतील? घंटी होईल ना. इतकी वर्षं हा माणूस एका नंबरात श्वास भरत होता, जो तो स्वतः कधी लावणार नव्हता. दाई बरी आहे का, पाणी येतं का, हे विचारायचीसुद्धा मुभा त्यानं स्वतःला ठेवली नव्हती. मी असा माणूस दुसरा पाहिलेला नाही.

मी फोन उघडला आणि एकदा सरांसमोर काढलेला नंबर दाईसमोर पुन्हा काढला. टँकरवाल्या भैयाला एका बाईनं फोनवर विचारून घेतलं. टाकीवर त्याची पाळी अजून यायची होती. दाईनं शेजारच्या जागेवरची धूळ हातानं झटकली.

"बइठ. टेंकर आही तब जाबे."

टँकर आला की मगच जायचं. मी बसले. समोरून एक बकरी भांड्यांच्या ओळीकडे यायला लागली, तेव्हा दाईनं आपली काठी माझ्या हातात दिली.